वर्गाच्या कडेला उभं राहून: जावातल्या शाळांची टिपणं

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५, बांतुल

इथं शाळा सकाळी सातला भरते. पावणेसातलाच मुख्याध्यापिका आणि दोन शिक्षक फाटकाशी उभे असतात. येणारं प्रत्येक मूल त्यांचा हात हातात घेतं, कपाळाला टेकवतं आणि आत पळतं. याला ‘सालिम’ म्हणतात. एका मुलाचा हात गरम लागला म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला बाजूला घेतलं, गळ्याला हात लावून पाहिला आणि ऑफिसात नेऊन बसवलं. हजेरीपटाच्या आधीच अशी एक हजेरी होऊन जाते, हे मला फार आवडलं.

मी सातारा जिल्ह्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करते. इंडोनेशियातले साधे शाळामास्तर स्वतःच्या वर्गावर स्वतः संशोधन करतात, हे बरीच वर्षं वाचत आले होते. ते प्रत्यक्षात कसं चालतं आणि त्याने मुलांचं काय भलं होतं, हे बघायला आले आहे. सोबत दुभाषी म्हणून इथल्या विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकणारी मुलगी आहे. तिला सगळे ‘म्बाक’, म्हणजे ताई, म्हणतात. मीही तेच म्हणते. मी सगळ्यांची ‘इबू’, म्हणजे बाई.

बांतुल हा योग्यकर्ता शहराच्या दक्षिणेचा जिल्हा. २७ मे २००६च्या पहाटे इथे भूकंप झाला, साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली. आजची शाळा त्यानंतर नव्याने बांधलेली. किल्लारीनंतर उभ्या राहिलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. तशीच ही बसकी, भक्कम, कोपऱ्यांत जाड खांब असलेली इमारत. सोमवार म्हणून झेंडावंदन झालं. १७ ऑगस्टला स्वातंत्र्याची ८० वर्षं पूर्ण होतात, त्यामुळे गल्लीबोळांत बांबूंवर लाल-पांढरी निशाणं लागली आहेत आणि मुलांच्या अंगावरही तेच दोन रंग. प्राथमिकचा गणवेश पांढरा सदरा आणि लाल चड्डी किंवा झगा.

मी तिसरीच्या वर्गात बसले. बाई तरुण, नुकतीच शिक्षक प्रशिक्षण पूर्ण केलेली. वर्गाचे तीन गट होते: अक्षरं ओळखणारी मुलं, शब्द वाचणारी आणि परिच्छेद वाचणारी. पद्धतीचं नाव फळ्याशेजारच्या तक्त्यावर लिहिलं होतं, ‘टीचिंग अ‍ॅट द राइट लेव्हल’. मी चकित झाले. मुलाची इयत्ता बाजूला ठेवून त्याला आज जे येतं तिथून सुरू करायचं, ही ‘प्रथम’ संस्थेची पद्धत. ‘प्रथम’चं काम १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झालं. धारावीच्या आसपास घडलेली गोष्ट जावातल्या खेड्यात पोचलेली पाहून मला अभिमान वाटला, आणि मी तो बाईंना सांगितलाही. त्या म्हणाल्या, “प्रशिक्षणात भारताचं नाव सांगितलं होतं. मुंबई माहीत नव्हतं.”

मग मी विचारलं, “गट कधी बदलता?”

“सहामाही चाचणीनंतर.”

इथे मला थांबावंसं वाटलं. या पद्धतीचा प्राण गटात नाही, गट मोडण्यात आहे. आज शब्द वाचणारं पोर दोन आठवड्यांत परिच्छेदावर गेलं तर त्याला त्याच दिवशी उठवून पुढे बसवायचं असतं. सहा महिने ‘अक्षर गटात’ बसलेल्या मुलाला आपण ढ असल्याची खात्री पटते. हे मी बाईंना सौम्यपणे सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, “मला रोज प्रत्येकाचं वाचन ऐकायला वेळ पुरत नाही, इबू.” एका वर्गात अठ्ठावीस मुलं आहेत. त्यांचं म्हणणं खोटं नाही.

आमच्या सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या शाळांचं असंच झालं होतं. मूल स्वतः करत करत शिकतं असं मानणाऱ्या या ज्ञानरचनावादी शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे आणि फरशीवरची रंगीत आखणी उतरवून न्यायचे. कित्येक ठिकाणी तीच आखणी दिसते, पण त्या आखणीवर बसलेल्या मुलाकडे टक लावून बघणारी बाई त्यासोबत गेली नाही. या सहलीत मला शोधायचं आहे ते तेच: बघणं कसं शिकवतात?

दहाच्या सुमाराला टेम्पोतून जेवणाचे स्टीलचे ट्रे आले. मोफत पौष्टिक आहार योजना इथे या वर्षी ६ जानेवारीपासून सुरू झाली आहे. जेवण मध्यवर्ती स्वयंपाकघरात शिजतं आणि गाडीने शाळांना जातं. आपल्याकडे गावातली मदतनीस शाळेतच खिचडी शिजवते, हे ऐकून मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मग वास वर्गात येत असेल!” येतो. आणि मुलांचं शेवटच्या तासाचं लक्ष तिथेच असतं.

मंगळवार, योग्यकर्ता शहर

आजचा दिवस शाळेचा नव्हता, शाळांच्या मुळाचा होता. तामान सिस्वा रस्त्यावर की हाजार देवांतारा यांचं घर आहे, आता ते संग्रहालय आहे.

या माणसाविषयी मराठीत फार कमी लिहिलं गेलंय. जन्म २ मे १८८९, योग्यकर्त्याच्या पाकुआलाम राजघराण्यात. मूळ नाव सुवार्दी सूर्यानिंग्रात. धंद्याने पत्रकार. १९१३ साली डचांनी फ्रेंचांपासून मिळालेल्या स्वातंत्र्याची शताब्दी जावात साजरी करायचं ठरवलं, आणि त्यासाठी इथल्या लोकांकडूनही वर्गणी. ज्यांना आपण पारतंत्र्यात ठेवलंय त्यांच्याच पैशाने आपल्या स्वातंत्र्याचा सोहळा, याला लाज वाटायला हवी, असा लेख सुवार्दींनी डच भाषेत, डच माणसाच्या तोंडी घालून लिहिला. हद्दपारीची शिक्षा झाली. ती त्यांनी नेदरलँड्समध्ये काढली. राजकारणासाठी गेलेला माणूस तिथे शिक्षणाकडे वळला. फ्रोबेल आणि मॉन्टेसरी यांच्या विचारांची ओळख तिथेच झाली. १९१९ साली परत आले आणि ३ जुलै १९२२ला याच शहरात ‘तामान सिस्वा’ ही शाळा काढली.

तामान म्हणजे बाग. शिशुवर्ग, प्राथमिक, माध्यमिक अशा प्रत्येक टप्प्याच्या नावातही इथे बाग आहे. शिकवण्याच्या रीतीला त्यांनी ‘आमोंग’ म्हटलं: लहान मुलाला सांभाळणारं माणूस जसं त्याच्या मागे मागे चालतं, पडू देत नाही पण वाटही ठरवून देत नाही, तसं शिकवणं. शिक्षा आणि जबरदस्ती यांना त्यात जागा नाही. शिक्षकाने काय करावं हे तीन जावानी ओळींत सांगितलंय. पुढे असशील तर उदाहरण घालून दे. मध्ये असशील तर उमेद जागी कर. मागे असशील तर बळ दे. तिसरी ओळ, ‘तुत वुरी हांदायानी’, शिक्षण मंत्रालयाच्या चिन्हावर आहे. काल त्या लाल-पांढऱ्या मुलांच्या टोप्यांवरही ती दिसली होती. देवांतारा स्वतंत्र इंडोनेशियाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांचा जन्मदिवस, २ मे, हा राष्ट्रीय शिक्षण दिन.

संग्रहालयात त्यांचं टेबल, पत्रं, छायाचित्रं आहेत. मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती १९३२ सालच्या गोष्टीपाशी. डच सरकारने एक वटहुकूम काढला: परवानगीशिवाय चालणाऱ्या शाळा ‘रानटी शाळा’ समजल्या जातील, त्यांचे शिक्षक सरकारला पसंत हवेत. देवांतारांनी तो मानायला नकार दिला आणि शांततेच्या मार्गाने प्रतिकार करू असं कळवलं. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या संघटना त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी सरकारला माघार घ्यावी लागली. मला तळेगावचं विजापूरकरांचं समर्थ विद्यालय आठवलं. तीही राष्ट्रीय शाळा, पण इंग्रजांनी ती १९१० साली बंद पाडली. एका शाळेला वाचवायला किती हात लागतात, आणि ते वेळेवर आले नाहीत तर काय होतं, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं.

रवींद्रनाथ १९२७ साली जावात आले होते, तेव्हा या शाळेतही येऊन गेले. शांतिनिकेतन आणि तामान सिस्वा यांचं नातं इथे सगळे आपुलकीने सांगतात. मी त्यांना ताराबाई मोडकांविषयी सांगितलं. देवांतारांपेक्षा त्या तीन वर्षांनी लहान. मॉन्टेसरीचं महागडं साहित्य बाजूला सारून शंख-शिंपले, बिया, माती घेऊन त्यांनी आणि अनुताई वाघांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये बालवाडी उभी केली. इथेही देवांतारांनी युरोपातलं साहित्य जसंच्या तसं आणलं नाही, जावानी खेळ आणि गाणी घेतली. एकाच काळात, एकमेकांना न भेटता, दोन गुलाम देशांतली माणसं एकाच निष्कर्षाला आली याचं मला मोल वाटतं. तिथल्या ज्येष्ठ कार्यकर्त्या बाईंनी ताराबाईंचं नाव लिहून घेतलं.

संध्याकाळी गुदेग खाल्लं. कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि गुळात तासन् तास शिजवतात. कोकणातल्या माणसाला फणसाची भाजी गोड लागणं चालत नाही, मला चालली.

बुधवार, बांतुल

आज ज्यासाठी आले ते पाहिलं, म्हणून आज सविस्तर.

लेसन स्टडी ही जपानी रीत. एका शिक्षकाने शिकवायचं, बाकीच्यांनी वर्गात उभं राहून मुलं कशी शिकतात ते बघायचं आणि नंतर एकत्र बसून बोलायचं. इंडोनेशियात ती जपान सरकारच्या मदतीने आली. १९९८पासून बांडुंग, योग्यकर्ता आणि मलांग इथल्या शिक्षक घडवणाऱ्या विद्यापीठांबरोबर काम सुरू झालं. २००६ ते २००८ या काळात ते सुमेदांग, बांतुल आणि पासुरुआन या तीन जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांत गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांपर्यंत नेलं. तीनच शब्द: योजना, कृती, पाहणी. जपानी पैसा थांबून बरीच वर्षं झाली. या शाळेत ते चालू राहिलंय ते शिक्षकांच्या विषयमंडळामुळे. गणिताच्या शिक्षकांचा आठवड्यातला एक दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी त्यांना तास नसतात, ते एकमेकांच्या शाळेत जातात. आपल्याकडे शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते, पण तिथे निम्मा वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो.

वर्ग सातवीचा, विषय गुणोत्तर. धड्याआधी सूत्रधार शिक्षकाने आम्हा आठ निरीक्षकांना नियम सांगितले. मुलांना मदत करायची नाही. मुलांशी बोलायचं नाही. फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं, म्हणजे चेहरे दिसतात. प्रत्येकाने एकच गट धरायचा आणि तास संपेपर्यंत तो सोडायचा नाही. हातात बैठकीचा नकाशा, त्यावर प्रत्येक मुलाचा क्रमांक.

शिक्षक मध्यमवयीन, शांत आवाजाचे. त्यांनी लाल सरबताची बाटली आणि काचेचे पेले मांडले. प्रश्न असा: पहिल्या भांड्यात २ पेले सरबताचा पाक आणि ३ पेले पाणी. दुसऱ्यात ३ पेले पाक आणि ४ पेले पाणी. जास्त गोड कोणतं? चव घ्यायची नाही, आधी विचार करून सांगायचं.

माझ्या गटात चौघं. एका मुलाने लगेच कागद ओढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, “सारखंच”. कारण: दोन्हीत पाणी पाकापेक्षा एकानेच जास्त. गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाला ही चूक ओळखीची आहे. गुणोत्तर बघायचं तिथे मुलं वजाबाकी बघतात, जगभर. दुसरी दोघं मान डोलावत चित्र रंगवायला लागली. चौथी मुलगी, क्रमांक १९, सडपातळ, हिजाबाची कड सारखी बोटांत गुंडाळणारी, गप्प होती. बऱ्याच वेळाने ती शेजारणीला जावानीत काहीतरी पुटपुटली. शेजारण हसली आणि तिने रंग पुढे सरकवला. मुलगी परत गप्प. पोस्टरवर “सारखंच” राहिलं.

मी म्बाककडे पाहिलं. तिने कागदावर लिहून दिलं: ‘पाकाचे शून्य पेले आणि पाण्याचा एक पेला, तिथेही फरक एकाचाच. मग नुसतं पाणीही तेवढंच गोड का?’

मला उडी मारून शिक्षकांना बोलवावंसं वाटलं. त्या मुलीने एका वाक्यात अख्ख्या चुकीचा पाया काढून घेतला होता, तोही टोकाचं उदाहरण घेऊन, जसं गणिती घेतात. पण नियम होता. शिक्षक तेव्हा समोरच्या गटाशी होते. मग पोस्टर लागले, दुसऱ्या गटाने पाच पेल्यांत दोन आणि सात पेल्यांत तीन अशी अपूर्णांकांची तुलना करून बरोबर उत्तर सांगितलं, चव घेतली गेली, टाळ्या वाजल्या. तास वेळेत संपला. हा तास मी प्रशिक्षक म्हणून मागून पाहिला असता तर ‘उत्तम’ शेरा दिला असता.

पाहणीच्या बैठकीत पहिला बोलण्याचा मान शिकवणाऱ्याचा. ते म्हणाले, मला वाटतं बहुतेक मुलांना समजलं, पण मागच्या दोन गटांविषयी खात्री नाही. मग निरीक्षक एकेक करून. कुणीही “सर, तुम्ही फळा नीट वापरला नाही” असं म्हणालं नाही, कारण तसं बोलायचंच नसतं. क्रमांक ७ अपूर्णांकांचे छेद समान करताना कुठे अडखळलं, क्रमांक २२ने दहा मिनिटं नुसती पट्टी फिरवली आणि कुणी विचारल्यावर पहिल्यांदा पेन्सिल धरली, असं बोलणं. माझी पाळी आली तेव्हा मी क्रमांक १९चं वाक्य वाचून दाखवलं.

खोलीत क्षणभर सगळे बोलायचे थांबले. मग शिक्षकांनी ते वाक्य स्वतःच्या वहीत लिहिलं आणि विचारलं, “ती जावानीत म्हणाली की इंडोनेशियनमध्ये?” जावानीत. यावर अर्धा तास चर्चा झाली. घरची भाषा जावानी, वर्गाची इंडोनेशियन. शिवाय मोठ्यांशी बोलायची जावानी वेगळी, अदबीची, आणि ती चुकेल या भीतीने बरीच मुलं गुरुजींसमोर तोंडच उघडत नाहीत. एका बाईंनी सुचवलं: पुढच्या वेळी पोस्टर काढायच्या आधी तीन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, हव्या त्या भाषेत. दुसऱ्यांनी सुचवलं: एक गट, एक पोस्टर नको, कारण ज्याचा हात आधी कागदावर पडतो त्याचंच उत्तर गटाचं होतं. शिक्षक म्हणाले, उद्याच्या तासाची सुरुवात मी त्या मुलीच्या प्रश्नाने करीन, तिची परवानगी घेऊन.

मी वीसेक वर्षं वर्गनिरीक्षणं करते आहे. आमच्या निरीक्षण तक्त्यात पाठटाचण, प्रस्तावना, फलकलेखन, शैक्षणिक साहित्य, आवाज असे रकाने आहेत. सगळे शिक्षकाचे. मुलाचा एकही नाही.

गुरुवार, कारांगमालांग

योग्यकर्त्याचं सरकारी शिक्षण विद्यापीठ. वाचनालयात प्रबंधांची कपाटंच्या कपाटं. शीर्षकांचा साचा लवकर ओळखता येतो: अमुक पद्धतीने तमुक शाळेतल्या पाचवीच्या मुलांच्या अमुक विषयातल्या संपादनात वाढ. पद्धती बदलतात. कधी जिगसॉ, कधी समस्याधारित, कधी प्रकल्पाधारित. याला वर्गकृती संशोधन म्हणतात. पहिलं आवर्तन, त्रुटी, दुसरं आवर्तन, उद्दिष्ट गाठलं. मी चाळलेल्या प्रबंधांत एकही असा नव्हता की दुसऱ्या आवर्तनानंतरही मुलांना आलं नाही.

इथल्या एका प्राध्यापकांनी कारण स्पष्ट सांगितलं. शिक्षकांच्या बढतीला २००९च्या नियमांनी संशोधनलेखन जोडलं आणि संशोधनाचा पूर आला. बढती हवी म्हणून लिहिलेल्या कागदात अपयश कोण लिहील? आपल्याकडे डी.एड., बी.एड.च्या कृतिसंशोधनाचं तेच आहे, मी ते तपासते म्हणून सांगते. काल क्रमांक १९चं जे सापडलं ते अशा प्रबंधात कधीच सापडणार नाही. तिथे तिची नोंद ‘उत्तर चूक’ एवढीच होईल.

मग मोठ्या संशोधनांकडे वळलो. इंडोनेशियावर अर्थतज्ज्ञांचं विशेष लक्ष आहे, आणि त्याला कारण आहे. तेलाचा पैसा आल्यावर सरकारने १९७३ ते १९७८ या काळात ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. एस्थर डुफ्लो यांनी २००१मध्ये दाखवलं की ज्या भागांत जास्त शाळा बांधल्या तिथली मुलं जास्त वर्षं शिकली आणि मोठेपणी जास्त कमावती झाली. याच डुफ्लोंनी पुढे अभिजित बॅनर्जींबरोबर मुंबई-बडोद्यात ‘प्रथम’च्या बालसखी योजनेचा, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणीने वेगळं शिकवण्याचा, अभ्यास केला. म्हणजे सोमवारी पाहिलेला तक्ता आणि ही गोष्ट एकाच घराण्यातल्या.

दुसरा अभ्यास कडू आहे. २००५च्या शिक्षक कायद्याने प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकाला मूळ पगाराएवढा भत्ता मिळू लागला, म्हणजे पगार जवळजवळ दुप्पट. चार अर्थतज्ज्ञांनी, त्यांत कार्तिक मुरलीधरन एक, ३६० शाळांत याची पाहणी केली. शिक्षक समाधानी झाले, त्यांची जोडधंद्याची गरज कमी झाली, पैशाची ओढाताण कमी झाली. मुलांच्या गुणांत मात्र दोन-तीन वर्षांनंतरही फरक पडला नाही.

हा निष्कर्ष हातात घेऊन शिक्षकांचे पगार कापायला निघालेल्यांशी मी भांडेन. याच देशात ‘होनोरेर’ शिक्षक आहेत, तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं वर्ग सांभाळणारे. आपल्या शिक्षणसेवकांना त्यांचं दुःख समजावून सांगावं लागणार नाही. पोटभर पगार हा त्यांचा हक्क आहे, मुलांचे गुण वाढोत न वाढोत. अभ्यास एवढंच सांगतो की पगार देऊन सरकारचं काम संपत नाही. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२२च्या फेरीत इंडोनेशियाला गणितात ३६६, वाचनात ३५९ आणि विज्ञानात ३८३ गुण मिळाले. श्रीमंत देशांच्या सरासरीपेक्षा शंभराहून खाली. तरी त्यांनी परीक्षेला बसणं सोडलेलं नाही, याबद्दल मला आदर आहे. भारताची दोन राज्यं २००९च्या फेरीत बसली, त्यानंतर आपण आकडाच दाखवलेला नाही.

शुक्रवार, कालासान

शुक्रवारी नमाजामुळे बहुतेक शाळा लवकर सुटतात, त्यामुळे सकाळीच शहराच्या पूर्वेला मांगुनानला गेलो. १९९०च्या दशकात वाय. बी. मांगुनविजया या कॅथलिक धर्मगुरूंनी इथे गरीब मुलांसाठी प्रायोगिक शाळा उभी केली. ते वास्तुविशारदही होते. चोदे नदीकाठच्या झोपडपट्टीसाठी त्यांनी केलेल्या कामाला १९९२ साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. सरकार ती वस्ती उठवायला निघालं होतं, तेव्हा हे तिथेच जाऊन राहिले.

या शाळेच्या वेळापत्रकात ‘प्रश्नपेटी’ नावाचा तास आहे. मुलांनी मनात येईल तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा आणि तासाला तो सगळ्यांनी मिळून सोडवायचा. उत्तर शिक्षकालाच यायला हवं असं नाही. मला राहून राहून क्रमांक १९ आठवत होती. तिच्या शाळेत अशी पेटी असती तर तिला शेजारणीच्या कानाशी लागावं लागलं नसतं. गप्प मुलांसाठी एवढी साधी सोय, खर्च शून्य. ही शाळा मोजकी मुलं घेते, सरकारी शाळांवर तिचा परिणाम किती, असं विचारणारे भेटतात. मला तो प्रश्न चुकीचा वाटतो. प्रयोगशाळेने सगळ्या गावाचं जेवण बनवायचं नसतं.

शनिवार, रेल्वेत

योग्यकर्ता ते बांडुंग, साधारण सात तास. आधी भातखाचरं, मग डोंगर. चिपुंडुय नावाच्या लहानशा स्टेशनावर गाडी ब्रेक तपासायला थांबते, उतार मोठा आहे म्हणून. म्बाकला मी विचारलं, तू शिक्षिका होणार का? म्हणाली, तिची नेमणूक कदाचित कंत्राटी होईल, घरचे बँकेत जा म्हणतात. तिने अजून ठरवलेलं नाही.

रविवार बांडुंगमध्ये विश्रांतीत गेला.

सोमवार, ११ ऑगस्ट, सुमेदांग

बांडुंगच्या ईशान्येला सुमेदांग, तळलेल्या टोफूसाठी प्रसिद्ध. लेसन स्टडीच्या तीन मूळ जिल्ह्यांपैकी हा एक. इथली घरची भाषा सुंदानी.

खरं सांगायचं तर इथला धडा बांतुलइतका रंगला नाही. विज्ञानाचा तास, प्रयोगाचं साहित्य कमी, चार गटांना एक तराजू. नंतरच्या बैठकीत दोन निरीक्षक आपापल्या गटाऐवजी सबंध वर्गाविषयी गोलगोल बोलले, तेव्हा ज्येष्ठ शिक्षिकेने त्यांना थांबवून विचारलं, “कोणतं मूल? त्याने काय केलं?” दोघांनाही सांगता आलं नाही. त्यांना रागावलं कुणी नाही, पण पुढच्या वेळी तेच दोघं पुन्हा निरीक्षक असतील असं ठरलं.

त्या शिक्षिका पहिल्या दिवसापासून, म्हणजे २००६पासून, या कामात आहेत. मी विचारलं, इतक्या शाळांत हे बंद पडलं, काहींत टिकलं, असं का? त्यांनी मुख्याध्यापकाचं नाव घेतलं. ज्या शाळेत मुख्याध्यापक स्वतः निरीक्षक म्हणून एक गट धरून उभा राहिला तिथे टिकलं. जिथे त्याने फक्त उद्घाटनाचं भाषण केलं आणि ऑफिसात गेला तिथे दोन वर्षांत संपलं. अभ्यासक्रमाविषयी त्या म्हणाल्या, २००६चा आला, २०१३चा आला, २०२२ला ‘मुक्त’ अभ्यासक्रम आला, या वर्षीपासून ‘सखोल अध्ययन’. “प्रत्येक वेळी आम्हाला नवे शब्द पाठ करावे लागतात. वर्गाच्या कडेला उभं राहणं तेवढं तेच राहिलं आहे.”

निघण्याआधी आम्ही एक गोष्ट ठरवली. बांतुलच्या शिक्षकांनी सरबताच्या धड्याचं टाचण आणि बैठकीचा नकाशा म्बाकमार्फत पाठवलाय. तोच धडा लिंबू सरबत घेऊन आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीआधी होईल, आणि मुलं जे जे म्हणतील ते मराठीतून भाषांतर करून इकडे पाठवायचं. पहिला वर्ग वाई तालुक्यातल्या एका शाळेची सातवी. पोस्टर नाही, आधी तीन मिनिटं एकट्याने लिहायचं. केंद्रप्रमुखांना फोनवर विचारलं, ते तयार आहेत. त्यांच्याकडे खिडकीजवळचा गट दिलाय.